पोट साफ होण्याचं औषध मागण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. डी.फार्म. केल्यापासून मी काउंटरमागे उभी आहे. ताप-अंगदुखीच्या गोळ्यांच्या खालोखाल माझ्याकडे मागणी असते ती पोट साफ होण्याच्या औषधाची. बाजाराच्या दिवशी तर सकाळपासूनच. पुरुष आवाज खाली करून मागतात. बाया दुकानात दुसरं कोणी नसेल तेव्हा येतात. "ताई, चार दिवस झाले, साफ नाही होऊन रायलं. काही द्या न जी."

बीपीची गोळी, शुगरची गोळी हे औषध आहे हे सगळ्यांना मान्य असतं. चूर्ण, इसबगोल, रात्रीची जुलाबाची गोळी यांना मात्र कोणी औषध धरत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" म्हणून विचारलं तरी त्यांची नावं सांगितली जात नाहीत. पोटात मात्र सगळी औषधं एकत्रच जातात. पुढे लिहिलंय ते काउंटरवर शिकले आणि डॉक्टरांशी, पुस्तकांशी ताडून घेतलं.

१. आधी पिशवी काउंटरवर ओता

साठी उलटलेले एक बाबा एसटीने आले होते. "जोरदार" काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, बाबा, आधी रोजच्या गोळ्या दाखवा. त्यांनी कापडी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि काचेवर उलटी केली. निम्म्या स्ट्रिप कात्रीने कापलेल्या होत्या. कुणाचं नाव गेलेलं, कुणाची तारीख गेलेली. रंग आणि आकार पाहत, कागद हुडकत एकेक ओळखली. गुडघ्यासाठी ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी. पायांची आग होते म्हणून रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन. रक्तवाढीची लोहाची गोळी, हाडांसाठी कॅल्शियम. जळजळीसाठी ॲल्युमिनियमचं पातळ औषध. आणि पोटात कळ येते म्हणून कुठल्यातरी दुकानातून घेतलेली डायसायक्लोमिन.

यातलं प्रत्येक औषध आतड्याची चाल मंद करतं किंवा मळ घट्ट करतं. डायसायक्लोमिनचं काम तर आतड्याचे स्नायू सैल सोडणं हेच आहे. म्हणजे साफ होत नाही म्हणून कळ येते, कळ थांबावी म्हणून घेतलेल्या गोळीने आतडं आणखी थंडावतं, आणि मग माणूस जोरदार जुलाबाचं औषध शोधत फिरतो. वर ट्रामाडॉल आणि ॲमिट्रिप्टिलिन या दोघींचं एकत्र असणंही डॉक्टरांच्या नजरेखालून जायला हवं, कारण त्या जोडीने काहींना झटके येऊ शकतात.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन औषधं बंद झाली, एक बदललं. जोरदार औषध विकायची गरज पडली नाही. एका औषधाचा त्रास दुसऱ्या औषधाने झाकायचा, त्याचा तिसऱ्याने, हा प्रकार मी रोज पाहते. म्हणून माझं सांगणं एकच असतं: पोट साफ होण्याचं औषध मागायला याल तेव्हा घरातली सगळी औषधं घेऊन या. मलम, थेंब, काढे, वैद्यांच्या पुड्या, सगळं. आणि स्ट्रिप कापून घेणार असाल तर नाव आणि तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपून ठेवा.

२. पाणी नसेल तर इसबगोल घेऊ नका

इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो, मळाला मऊपणा आणि आकारमान देतो. हे सगळं पाणी असेल तरच. कोरडा तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायलं तर तो घशात चिकटू शकतो, आतड्यात गोळा होऊन अडकूही शकतो. म्हाताऱ्या माणसांत, गिळायला त्रास असलेल्यांत हा धोका जास्त. भरलेला मोठा पेला पाणी, त्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. आणि परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, तेव्हा सकाळी झालं नाही म्हणून दुपारी दुप्पट घेऊ नये.

आमच्याकडे अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते. बाया सकाळी वावरात जातात ते दिवस कलल्यावर परततात. धुऱ्यावर आडोसा नाही, म्हणून लघवीला जावं लागू नये या बेताने दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना इसबगोल देणं मला पटत नाही. मी त्यांना आधी पाण्याचं विचारते, आणि त्या खाली मान घालतात तेव्हा मला मनापासून राग येतो, त्यांचा नाही, वेचणीला बाया बोलावताना आडोशाची सोय ज्यांना सुचत नाही त्यांचा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तर पाणी हेच पहिलं औषध. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र इसबगोलाचा विचारही त्यांना विचारूनच.

३. घड्याळ पाहून घ्या, आणि दुधाबरोबर नको

बिसाकोडिलची छोटी पिवळी गोळी लोक कोमट दुधाबरोबर घेतात. घरोघरी तसंच सांगितलं जातं, कारण रात्रीचं दूध पोटाला बरं अशी समजूत. त्या गोळीवर मुद्दाम एक लेप दिलेला असतो. जठरातल्या आम्लात तो टिकतो आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतो. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध सोबत गेलं की जठरातलं आम्ल कमी होतं, लेप तिथेच सुटतो, आणि पोटात मुरडा येतो, मळमळतं. गोळी फोडून, चावून घेतली तरी तेच. पाण्याबरोबर अख्खी गिळा. दूध आणि ॲसिडिटीचं औषध किमान तासभर दूर ठेवा. रात्री घेतली तर सहा ते बारा तासांत काम होतं.

मॅग्नेशियाचं पांढरं पातळ औषध दुसऱ्या औषधांना धरून ठेवतं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली आणि पाठोपाठ हे प्यायलं, तर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही. रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि खरं कारण स्वयंपाकघरातल्या बाटलीत असतं. दोघांत चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम आणि लोहालाही हाच नियम. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या अँटिबायोटिकचंही मॅग्नेशियापुढे काही चालत नाही. हे मी विशेष जोर देऊन सांगते. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले होते, माणसं दगावली होती. त्या आजारात भरवसा डॉक्सिसायक्लिनवर असतो. तापात पडून राहिलेल्या माणसाचं पोट साफ होत नाही हे खरंच, पण त्यासाठी घरच्या बाटलीतलं मॅग्नेशिया त्याच वेळी पाजलं तर जीव वाचवणारं औषध पोटातच अडून राहतं.

इसबगोल आणि बाकीच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवलं की सहसा भागतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणींनी एक लक्षात ठेवावं: गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत पाण्यासारखे जुलाब झाले, तर ती गोळी अंगी लागली नाही असं धरून पुढे काय करायचं ते नर्सताईंना विचारावं.

४. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका

पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी गुणाची आहे, तिच्यातलाच अर्क काढून गोळ्या बनतात आणि त्या डॉक्टरही लिहून देतात. म्हणजे चूर्ण घेणारा माणूस औषधच घेत असतो, फक्त चमचा मोजत नसतो. रोज, वर्षानुवर्षं, वाढत्या चमच्याने घेतलं की जुलाबावाटे शरीरातलं पोटॅशियम कमी होत जातं.

आता यात दुसरं औषध मिसळा. पायावर सूज, धाप लागते म्हणून फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी चालू असलेल्या एक आजी माझ्याकडे येत. ती गोळीही पोटॅशियम बाहेर काढते. जोडीला हृदयासाठी डायगॉक्सिन. रक्तात पोटॅशियम कमी असलं की डायगॉक्सिनची नेहमीचीच मात्रा विषासारखी वागू लागते. आजी सांगत होत्या, "पायात जीवच नाही रायला, मळमळते, छातीत धडधड होते." चूर्णाचं त्यांनी कुठे सांगितलं नव्हतं, पदराआडच्या डबीत होतं. त्यांना मी दुकानातून थेट दवाखान्यात पाठवलं. पिंडऱ्यांत गोळे, अशक्तपणा, छातीची धडधड, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं, यातलं काहीही असेल आणि ही तीन औषधं घरात असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

चूर्णात ज्येष्ठमध असेल तर तोही जास्त प्रमाणात पोटॅशियम घटवतो आणि बीपी वाढवतो. काळं मीठ, सैंधव असेल तर बीपीच्या आणि सूज असलेल्या रुग्णाने ते मिठातच मोजावं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. चष्मा लावून वाचा, नाहीतर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्या.

५. किडनीच्या रुग्णाला मॅग्नेशिया आणि फॉस्फेट विचारल्याशिवाय नाही

धडधाकट किडनी जादाचं मॅग्नेशियम लघवीवाटे टाकून देते. कमजोर किडनीला ते जमत नाही. मग माणूस सुस्तावतो, हातपाय गळतात, नाडी मंदावते, बीपी उतरतं. घरचे म्हणतात थकवा आहे. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या नावावर मी मॅग्नेशियाची बाटली देत नाही, कोणी रागावलं तरी.

सोडियम फॉस्फेटचं तोंडाने घ्यायचं औषध आणि एनिमा यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१४मध्ये इशारा दिला: २४ तासांत एकापेक्षा जास्त मात्रा घेतल्यास किडनीला आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते, मृत्यूही येऊ शकतो. जास्त जोखीम कुणाला, ती यादी वाचताना मला माझेच गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आले. पंचावन्नच्या पुढचे, अंगात पाणी कमी असलेले, लघवीची गोळी घेणारे, बीपीसाठी शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येणारी औषधं घेणारे, आणि डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या खाणारे. आमच्याकडे डवरणी-निंदणीच्या दिवसांत कंबरदुखीची गोळी खाऊन वावरात जाणारे किती आहेत हे कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा. एनिमा लागत असेल तर तो दवाखान्यात घ्यावा.

६. फवारणीनंतरच्या रुग्णाला बाहेरचं काही पाजू नका

२०१७चा पावसाळा या जिल्ह्याला विसरता येणार नाही. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजूर विषबाधेने भरती झाले आणि वीसहून अधिक माणसं गेली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तेव्हा भरून गेलं होतं.

ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने शरीराच्या ग्रंथी आणि आतडी बेफाम चालू लागतात. तोंडातून लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर, जुलाब. उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. ते हे सगळं उलट फिरवतं, आणि त्यात आतड्याची चालही थांबत जाते. वॉर्डात डॉक्टर छाती ऐकतात तसे पोटावरही स्टेथोस्कोप ठेवतात. आतड्यांचा आवाज पार बंद झाला, सोबत ताप आणि बडबड सुरू झाली, की ॲट्रोपिन जास्त होतंय हे त्यांना कळतं आणि ते हात आखडता घेतात.

नातेवाइकांना हे कोण सांगणार? त्यांना दिसतं ते फुगलेलं पोट. मग कोणी माझ्याकडे एरंडेल मागायला येतं, कोणी जुलाबाची गोळी. मी त्यांना बसवून समजावते की शौचाला न होणं हा इथे उपचाराचाच भाग आहे, त्याचा हिशेब डॉक्टर ठेवताहेत, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला तोंडाने तेल पाजलं तर ते श्वासनळीत जाईल. पोट फुगलंय हे नर्सला सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. स्वतः काही देऊ नका.

७. सिकलसेल असेल तर जुलाब होऊ देऊ नका

जिल्ह्यातल्या गोंड, कोलाम, परधान वस्त्यांत, आणि इतरही समाजांत, सिकलसेलचे रुग्ण आहेत. दुखणं उसळलं की त्यांना ट्रामाडॉलसारख्या जबर गोळ्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी पोट गच्च होतं. अशा बद्धकोष्ठात इसबगोल फारसं कामाचं नाही: मळ फुगतो, पण ढकलणारं आतडंच थंड असतं. उलट एरंडेलासारखं जहाल काही दिलं तर जुलाबांतून पाणी जातं, आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे सिकलसेलचं दुखणं पुन्हा उसळायचं एक ठरलेलं कारण आहे. म्हणून वेदनेची जबर गोळी लिहिली जाते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "याच्याने पोट धरेल, त्यासाठी काय घेऊ?" लॅक्टुलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल अशी मळ मऊ करणारी औषधं ते मोजून लिहून देतात. पोट धरलं म्हणून वेदनेची गोळी फेकून देऊन तळमळत पडणारी पोरं मी पाहिली आहेत. त्याची गरज नसते.

८. मनाच्या आजाराची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण पोटाचं लपवूही नका

या औषधांतल्या बऱ्याच गोळ्या, आणि हातांच्या थरथरीसाठी सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, आतड्याला सुस्त करतात. क्लोझापिनने तर आतडं ठप्प होऊन जीव गेल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२०मध्ये त्याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. हे रुग्ण पोटाची तक्रार स्वतःहून करतीलच असं नाही. घरच्यांनी दर दिवसाआड विचारावं.

९. चिठ्ठीवरचं औषध त्याच माणसाचं

आता जुनाट बद्धकोष्ठासाठी प्रुकॅलोप्राइड, ल्युबिप्रोस्टोन अशी औषधं चिठ्ठीवर येतात. ज्यांना खरी गरज आहे त्यांचं जगणं त्यांनी सुसह्य केलंय. "शेजारच्या काकूंना लागू पडली, तीच द्या" असं म्हणत रिकामी स्ट्रिप घेऊन कोणी आलं की मात्र मी देत नाही. प्रुकॅलोप्राइड किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी फार कमजोर असेल तर मात्रा निम्मी करावी लागते. वय झालेल्यांनाही कमी मात्रेने सुरुवात करतात. पहिल्या काही दिवसांत डोकं दुखतं, ते बहुधा ओसरतं. मन उदास झालं, जीव नकोसा वाटू लागला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं असतं. ल्युबिप्रोस्टोन जेवणाबरोबर घेतलं तर मळमळ कमी होते, आणि दिवस गेलेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ते आधी सांगायलाच हवं.

चिठ्ठीचा आग्रह धरायला जुना इतिहास कारण आहे. सिसाप्राइड हे आतड्याला चालना देणारं औषध एके काळी सर्रास चालायचं. एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा केटोकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध सोबत घेतलं की ते रक्तात साठायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. अमेरिकेत १९९९अखेर ८० मृत्यूंच्या नोंदी झाल्या, २०००मध्ये त्याची खुली विक्री थांबली. भारतात त्याच्यावर २०११मध्ये बंदी आली. बद्धकोष्ठासाठीच निघालेलं टेगासेरॉड अमेरिकेत २००७मध्ये हृदयाच्या कारणाने बाजारातून काढलं गेलं. आपल्याकडे तेही २०११मध्ये बंद झालं. दुसऱ्या कुठल्या औषधाबरोबर ते पोटात जातंय, हे विचारलं गेलं असतं तर सिसाप्राइडचे काही बळी वाचले असते.

१०. लिव्हरच्या रुग्णाचं लॅक्टुलोज बंद करू नका

लिव्हर सुकलेल्या रुग्णाला लॅक्टुलोज अमोनिया बाहेर काढण्यासाठी देतात, मेंदूवर गुंगी चढू नये म्हणून. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावं हाच हेतू असतो. "आता साफ होतंय" म्हणून बाटली बाजूला ठेवली की काही दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाण्यासारखे जुलाब झाले तर मात्रा डॉक्टर कमी करतील.

११. कधी काहीच न घेता दवाखाना गाठायचा

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही. पोटात एका जागी सारखं दुखतंय, ताप आहे. शौचात रक्त आहे, काळं डांबरासारखं होतंय. वजन उतरतंय. पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली. यात कुठलंही जुलाबाचं औषध देऊ नये. लहान मुलाचं पोट दुखत असेल तर अजिबात नाही, कारण ते अपेंडिक्स असू शकतं. गरोदर बाईला एरंडेल देऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला लिक्विड पॅराफिन पाजू नये, ते फुप्फुसात उतरतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर तेच लिक्विड पॅराफिन रोज घेतल्याने के जीवनसत्त्व कमी शोषलं जातं आणि रक्ताची तपासणी हलते.

आणि एखाद्या औषधाने, चूर्णाने, दोन औषधांच्या जोडीने त्रास झाला असं वाटलं, तर ते सांगायची जागा आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत देशभर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. रुग्णाला स्वतः कळवता येतं, डॉक्टरांची सही लागत नाही. फोन करताना औषधाची स्ट्रिप किंवा डबा हातात ठेवा, म्हणजे नाव आणि बॅच नंबर वाचून सांगता येईल. माझ्या दुकानात आलात तर आपण मिळून फोन लावू.